ई-क्लासचा गायकीबुवा

गायकीबुवाला गावातल्या माणसांची नावं येत नव्हती, की घ्यायची नव्हती, कोण जाणे. माणूस तो गुरांवरून ओळखायचा. सरपंच म्हणजे 'मारक्या गोऱ्ह्याचा मालक'. मी अमरावतीला नोकरीला लागलो तरी 'मोरीच्या घरचा पोरगा'च राहिलो; मोरी म्हणजे आमची गाय. गावाची गुरं राखणाऱ्याला आमच्या वऱ्हाडात गायकी म्हणतात. वयामुळे याला पुढे बुवा चिकटला.

सकाळी घरोघरची जनावरं गावाबाहेर आखरावर जमायची आणि तिथून तो त्यांना ई-क्लासवर न्यायचा. ई-क्लास म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन. गवत, थोडे पळस आणि एक डबकं. उन्हाळ्यात तिथं पाहण्यासारखं काही नसे, पण एखाद्या पाहुण्यानं तिला पडीक म्हटलं, की बुवा त्याच्याशी बोलणं टाकायचा. चिडखोर होताच तो.

मग ई-क्लासची जमीन मागत सोलरवाली कंपनी आली. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या वीतभर जागेसाठी सख्ख्या भावावर कुऱ्हाड उगारणारं आमचं गाव ग्रामसभेत मात्र तोंड मिटून बसलं. ई-क्लास कुणा एकाची नव्हती ना. ज्याला त्याला वाटलं, दुसरा बोलेल. बुवा एकटा उठला. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, जमीन तुमच्या नावावर आहे का?

"कोणाच्याच नाई, साहेब. म्हणून तं सगळ्याइची हाये."

लोक हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

तारेचं कुंपण पडलं. विकतच्या कडब्यावर गुरं कोण पोसणार? एकेक करत ती परतवाड्याच्या बाजारात गेली. आमची मोरीही गेली, आणि आईनं गोठ्याकडचं दार उघडणं सोडलं.

कंपनीनं बुवाला चौकीदार केलं. अंगात निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. काम एवढंच, की गावात उरलेली चार गुरं कुंपणाशी फिरकू द्यायची नाहीत. पोटासाठी त्यानं ते धरलं. एकदा मी भेटायला गेलो आणि फाटकातूनच हाक मारली, तर तो लगबगीनं आला, मला पार रस्त्यापर्यंत घेऊन गेला आणि अगदी हलक्या आवाजात बोलू लागला. मी कारण विचारलं.

"माहा आवाज आयकला का ढोरं तारेपाशी येतेत. मंग मलेच त्याइले हाकला लागते."

यंदा पोळ्याच्या आधी बुवा गेला. मी बसायला गेलो तेव्हा त्याची सून सांगत होती, शेवटी शेवटी ते घरातही कुजबुजतच बोलायचे.