दोन पुस्तकांतलं एक

"मावशी, मम्मा नहीं रहीं..." सुलभाच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. त्याला सहा आठवडे झाले. सुलभा गेल्याचं दुःख आहेच, पण मीच बोललेलं एक वाक्य अजून मला स्वस्थ बसू देत नाही.

दोन हजार पाचच्या सुमारास माझी लखनऊला बदली झाली आणि छावणीजवळच्या शांत रस्त्यावर सुलभा शेजारीण म्हणून मिळाली. मूळची साताऱ्याची, इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. हज़रतगंजच्या फुटपाथवरून जुनी कॉमिक्स उचलून आणायची. पुढे विज्ञानकथांचाही नाद लागला. दोन्हींवर तिला अभ्यासग्रंथ लिहायचे होते. टिपणांचे दोन गठ्ठे वर्षानुवर्षं वाढत होते.

या वर्षाच्या सुरुवातीपासून मात्र काहीतरी बिनसत होतं. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरू लागली. बोलता बोलता मध्येच थांबायची. जपून ठेवलेली पुस्तकं विद्यार्थ्यांना वाटू लागली. "घरात जागा नाही गं," म्हणाली. मला ते पटलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिने विचारलं, "विज्ञानकथा की कॉमिक्स? एकच सांग."

"आधी विज्ञानकथा कर, तयारी जास्त आहे. कॉमिक्स पुढच्या वर्षी."

"बरं," ती म्हणाली आणि कॉमिक्सचा गठ्ठा सुतळीने बांधायला घेतला. गाठ तीनदा सुटली. "म्हातारी झालीस," म्हणून मी हसलेसुद्धा.

मग तिचं दार बंदच राहू लागलं. दिवाळीपूर्वी विज्ञानकथांचं पुस्तक प्रकाशकाकडे गेलं आणि त्याच आठवड्यात ती हॉस्पिटलमध्ये. बाहेरच्या बाकावर मुक्ता म्हणाली, "उन्हें मार्च से पता था. डॉक्टर ने सात-आठ महीने कहे थे."

"मला का नाही सांगितलंत?"

"मम्मा ने मना किया था. कहती थीं, उसका सीधा जवाब चाहिए, दया नहीं."

परवाच्या रविवारी त्यांच्याकडे गेले, तर मुक्ता सुलभाच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून बसलेली. आईचं अक्षर तिला लागत नव्हतं. मी एक कागद हातात घेतला. शेवटच्या महिन्यांतलं ते थरथरतं, ओळ सोडून खाली घसरणारं अक्षर. कॉमिक्सच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण. साडेतीन पानं, शेवटचं वाक्य अर्धवट.

"मतलब दोनों लिख रही थीं?" मुक्ताने विचारलं.

मी तिच्याशेजारी खाली बसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले.