दादाचा कान

धक्क्यावर आमच्या दादाला कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे त्याला ‘नळीवाले’ म्हणायचे. होड्यांच्या मागे लावतात ती छोटी इंजिनं तो दुरुस्त करायचा, आणि त्याची सगळी विद्या एका हातभर रबरी नळीत होती. नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं स्वतःच्या कानात. इंजिनाला दोन कार्ब्युरेटर असले की दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. एकाने जास्त ओढली तर त्याच्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं, त्यात मिसळलेलं तेलही कमी पडतं आणि पिस्टन तापून अडकतो. दादा वरच्याचा फुसफुसाट ऐकायचा, मग खालच्याचा, आणि स्क्रू केसभर फिरवायचा. झालं काम.

मी त्याची धाकटी बहीण. माझा संसार टिकला नाही, तेव्हा त्याने एका शब्दाने काही न विचारता मला दुकानात सुटे भाग विकायला बसवलं. जे शिकवलं ते मात्र ओरडून ओरडून. एकदा मी हवा मोजायचा मीटर आणला, तर चार दिवस तोंड फुगवून बसला. “माझे कान काय फक्त चष्मा अडकवायला आहेत?” म्हणाला. मी खूप हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण पुढे तेच झालं. आधी नळी डाव्या कानातून उजव्यात गेली. मग पाण्याच्या पिंपात इंजिन चालू ठेवून दादा नळी कानात धरायचा खरी, पण डोळे पिंपातल्या पाण्यावर. पाणी कसं थरथरतंय यावरून अंदाज बांधायचा. एकदा मी मागून तीन हाका मारल्या, ओ नाही. शेवटी खांद्याला हात लावला, तर खेकसला, “इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू येतं?”

इंजिन बंद होतं.

तेव्हापासून तो दुपारी जेवायला गेला की मी त्याने जुळवलेलं इंजिन पुन्हा चालू करून मीटर लावायची. पहिल्याच दिवशी काटा वर सहा आणि खाली नऊ. स्क्रू फिरवून दोन्ही जुळवले आणि मीटर जुन्या गॅस्केटांच्या खोक्याखाली दडवला. दादाचं घर दोनच गल्ल्या पलीकडे. पण इंजिनाचा आवाज तिथे कोणाला ऐकू जाणार होता? हे मनात आलं आणि मला रडू फुटलं. दोन वर्षं हा उद्योग चालला. पूर्वी दहा मिनिटांत जेवून येणाऱ्या दादाला आता पाऊण तास लागायचा. मला वाटलं, वय झालं, घटकाभर लवंडत असेल. ते माझ्या पथ्यावरच पडलं.

एका दुपारी एक होडीवाला इंजिन न्यायला आला तो जागचा हलेना. “नळीवाल्यांनी बघितलंय ना? मग द्या की.” त्याच्यासमोर मीटर लावायचा म्हणजे दादाची अब्रू धक्क्यावर टांगायची. मी “घेऊन जा” म्हटलं. दादा जेवून आला तो भारी खुशीत. “नेलं इंजिन?” विचारलं आणि उगाच माझ्या पाठीवर थोपटलं.

तिसऱ्या दिवशी समुद्रात खालचा पिस्टन अडकला. होडीवाला आणि त्याचा म्हातारा बाप सहा तास वल्ही मारत परतले. म्हाताऱ्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. दादाने इंजिन खोललं, ओरखडलेल्या पिस्टनवरून अंगठा फिरवला आणि चारचौघांत म्हणाला, “चूक माझी. माझे कान गेलेत.”

मी काउंटरमागे उभी होते. दादा, तुझी एकट्याची नाही रे, मीटर माझ्या हाताशी होता, एवढंच म्हणायचं होतं. दातखीळ बसली माझी. त्याने नळी खिळ्याला अडकवली ती कायमची. मग हायच खाल्ली, आणि वर्षाच्या आत गेला.

परवा मी वहिनीपाशी सगळं ओकले. म्हटलं, मी त्याला दोन वर्षं फसवलं आणि गरज होती त्या दिवशी गप्प बसले.

वहिनी म्हणाली, “अगं, त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. स्क्रूवर पेन्सिलची खूण करून यायचे, परत गेले की ती हललेली असायची. दहा मिनिटांत जेवायचे आणि चपला घालून दारात बसायचे. ‘इंजिन बंद झालं का गं?’ मला विचारायचे. मला इथे ऐकू यायचं ना. मी ‘झालं’ म्हटलं की उठायचे.”

मग वहिनी पुढे म्हणाली, “तो होडीवाला इंजिन न्यायला आला, त्या दिवशी इंजिन चालूच झालं नाही. अर्धा तास वाट बघितली त्यांनी. मग म्हणाले, ‘सकाळी मी जुळवलं तेव्हा तिने काउंटरवरून ऐकलं असेल, तिला बरोबर वाटलं असेल. आज माझा कान बरोबर लागला बघ.’ चपला काढल्या आणि पुन्हा ताट मागून घेतलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.”