दोन खजुरांवर

“दोन खजुरांवर धावणार, आणि वाटेत कोसळलीस तर उचलायला कोण आहे? त्या वेळी सगळं अझेमूर गाव वाडग्यात तोंड घालून बसलेलं असतं!” यामनावहिनीने डाव पातेल्यावर आपटला.

“म्हणूनच तर, आई,” शैमा बुटाची नाडी बांधत म्हणाली. “रस्त्यावर ना गाड्या, ना कॅफेबाहेर टवाळकी करणारी पोरं. रमजानात तेवढीच वेळ माझी.”

“वारा सुटला की कपड्यांबरोबर तुलाही दोरीवर चिमटा लावावा लागेल, एवढीशी झालीयेस.”

“जाऊ दे ना तिला,” माझा भाऊ बूशाइब म्हणाला. त्याचं सगळं लक्ष तबकातल्या मधाच्या मिठाईवर.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला तर जिना चढला तरी धाप लागते.”

ईदनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड होती. मागच्या निवडीला वहिनीने पोरीला पोटभर जेवू घालून पाठवलं, आणि निम्म्या शर्यतीत शैमा सगळ्यांसमोर ओकली. या रमजानात रोजा सोडण्याआधी धावून पाहिलं, तर पुलापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. मग तिच्या प्रशिक्षक बाईंनी सांगितलं, आधी थोडं गोड, हलकं. जेवण धावून आल्यावर. वहिनीला ते पटेना. ती खूप भावंडांतली. माहेरी उशिरा येणाऱ्याला नुसतं पातेलं पुसायला मिळायचं. या घरात आल्यापासून तिने कुणाला उपाशीपोटी उंबरा ओलांडू दिला नव्हता. नवरा गेल्यावर मी इथे परत आले, तेव्हाही तिने आधी हातात वाडगं दिलं आणि मग रडू दिलं.

अजान झाली. शैमाने दोन खजूर खाल्ले, थोडं दूध प्याली, जरा टेकली आणि निघाली.

वहिनीने घोटभर पाण्यावर रोजा सोडला आणि थेट गच्ची गाठली. मी मागोमाग. नदीकाठचा रस्ता ओस पडला होता. घराघरांतून चमच्यांचे आवाज येत होते. दिव्यांखालून शैमा धावताना दिसली, मग पुलाच्या भिंतीआड गेली. बाहेर येईना.

“लतीफा, पडली ती.”

“अगं वहिनी, तिथे वळण आहे.”

“पडली म्हणते ना!”

ती अनवाणीच जिन्याकडे धावली आणि काही पायऱ्यांतच मटकन खाली बसली. कपाळ गार, हात थरथरत होते. मी खालून खजूर आणून तिच्या तोंडात कोंबला. तिने मुकाट चघळला. दुसरा मागून घेतला. हळूहळू हातांची थरथर थांबली. कठड्याला न धरता ती उठली, आणि तळहातावरच्या बियांकडे बघत राहिली.

तेवढ्यात दार वाजलं. शैमा घामाने निथळत होती.

“आई, वाढ लवकर! मरणाची भूक लागलीय!”

हे वाक्य वहिनीने या पोरीच्या तोंडून कधी ऐकलं नसावं. या घरात भुकेच्या आधीच वाडगं पुढ्यात यायचं. तिने चण्यांचा दाट हरीरा वाढला. शैमाने वाडगं रिकामं करून पुन्हा पुढे केलं. बूशाइबनेही आपलं केलं. वहिनीने मुलीला वाढून पातेल्यावर झाकण ठेवलं.

“उद्यापासून अजानला खजूर आणि दूध,” ती म्हणाली. “हरीरा शैमा आल्यावर. सगळ्यांनाच.”