सोडायची मागणी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की मी चहा मागायचो, नाहीतर पंखा वाढवायला उठायचो. पण परवा सूनबाईने मला गाठलंच. तिच्या ऑफिसात वाटाघाटी कशा कराव्यात याचं शिबिर आहे आणि तिची समजूत अशी, की या विद्येतला मोठा जाणकार तिच्या घरातच बसलाय. चूक तिची नाही. बोईसरच्या एका कारखान्यात मी कामगारांचा प्रतिनिधी होतो आणि निवृत्तीनंतर पालघरच्या या घरात मीच ही समजूत सगळ्यांच्या गळी उतरवलीय.

घराबाहेर पडलो की मात्र माझी विद्या वेगळीच दिसायची. रिक्षावाल्याशी मी इतका वेळ घासाघीस करायचो, की बायको दुसऱ्या रिक्षाने घरी पोचलेली असायची. "झाली का बोलणी?" दार उघडत ती विचारायची.

कारखान्यात आमची एक ठरलेली युक्ती होती. मागणीपत्रात काही मागण्या निव्वळ मागे घेण्यासाठी घालायच्या. त्यांना आम्ही 'सोडायच्या' म्हणायचो. शेवटच्या बैठकीत चेहरा पाडून, सुस्कारा टाकून एखादी सोडली की समोरच्याला जिंकल्यासारखं वाटतं आणि तो दुसरं काहीतरी देतो. सुस्कारा मी फार चांगला टाकायचो.

पॅकिंग खात्यात जवळच्या दांडी गावची एक बाई होती. वयाने माझ्याहून लहान, तोंडाने मोठी. डब्यातले तळलेले सुके बोंबील माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "खा दादा, फुकट हाय. नायतर याच्यावर पन घासाघीस कराल."

दुसरी पाळी सुटली की कंपनीची बस तिला फाट्यावर उतरवायची. तिथून गावापर्यंत अंधारात एकटीने चालायचं. घरच्यांनी तिला बजावलं होतं, बस गावात येत नसेल तर नोकरी सोड. ती माझ्याकडे आली. त्या दिवशी टोमणा नव्हता.

"दादा, बस गावात आना. माजी नोकरी त्याच्यावर हाय. तुमी बोललात तर होईल."

"लिहिली समज, ताई."

आणि लिहिली. सोडायच्यांमध्ये. एका बाईसाठी बस कोण वळवणार, हे मी मनातच ठरवून टाकलं. ना तिला विचारलं, ना बोलणीला बसणाऱ्या मॅनेजरसाहेबांना चाचपून पाहिलं.

शेवटच्या बैठकीत गाडी दुपारच्या नाश्त्यावर अडली. आम्हाला नुसता चहा नको होता. मी सुस्कारा टाकला. "चला, दांडीची बस सोडली." साहेबांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण मग कागदावर रेघ मारली. नाश्ता मंजूर झाला आणि लोकांनी माझी पाठ थोपटली.

ती दाराबाहेर उभी होती. "काय झालं, दादा?"

"खूप ताणलं गं. नाही मानले."

महिनाअखेरीस तिने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी कॅन्टीनचा वडा खाताना म्हणाली, "वडा बरा हाय, दादा. ह्यो तरी तुमी आनलात." तो वडा मी त्यानंतर कधी खाल्ला नाही. माझा नाश्ता कोण खातं, यावरून खात्यात रोज भांडणं व्हायची. तीसुद्धा मीच मिटवायचो.

पुढे साहेब निवृत्त झाले, तेव्हा निरोप घेताना हसत म्हणाले, "ती बस मी देणारच होतो हो. तुम्ही इतक्या झटपट सोडलीत, वाटलं तुम्हालाच नकोय."

सूनबाईला यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, "काय सोडायचं ते ठरवण्याआधी ते कुणाचं आहे बघ, आणि त्यालाच विचार." तिने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं, "बाबा, भारी!" म्हणाली, आणि माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मी दांडीला गेलो. ती घरापुढे बोंबील वाळत घालत होती. केस पिकलेत, तोंड तसंच आहे.

"या दादा! अजून जिते हाव म्हनायचे. आज काय मागाया आलात?"

जुन्या सवयीने मी आधी थोडंसंच मांडून पाहिलं. "तुझ्या बसचं राहून गेलं, ताई."

"त्यात तुमचा काय दोष? किती भांडलात माज्यासाठी! माज्या सुनांना पन सांगते मी. तो सायेबच खडूस होता."

मी मान डोलावली. होय, डोलावली. मग चहा झाला, नातवंडांच्या चौकशा झाल्या आणि तिने बोंबलांचा पुडा हातात कोंबला. "घ्या गपगुमान. घासाघीस नाय."

परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो, तेव्हा ते शब्द मला अगदी नीट जमले: ताई, साहेब खडूस नव्हता. तुझी बस मी सोडली, तुला न विचारता, आणि वर खोटं बोललो. मला माफ कर.