चादरीतली वाळू

"थांबवा तिला! अरे, माझ्या सलमाचं बोलणं आहे ते!"

मुश्ताकभाई असे ओरडले की अबुधाबीच्या अल रीम आयलंडवरच्या सगळ्या टॉवरांच्या काचा हलल्या असतील. शनिवारची दुपार, चार वाजलेले, क्लबहाउसचा हॉल. समोर एक स्पॅनिश बाई फ्लामेंको गात होती. माझी तन्वी दुबईत तिच्याकडे नाच शिकते, म्हणून पालकांना बोलावलेलं. मुश्ताकभाई आमचे दुबईतल्या अल मनखूलचे शेजारी, मूळ रत्नागिरीकडचे. एकटे असतात, म्हणून अबुधाबीपर्यंत सोबत आणलेले.

मी फेकतो हे तुम्हाला माहीतच आहे. उंटाशी शर्यत जिंकल्याचा माझा किस्सा आठवा... त्यात उंट होता, एवढंच खरं. आणि भुताखेतांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. पण हे जवळजवळ मीठमसाल्याशिवाय सांगतोय.

मुश्ताकभाई गल्फला आले तेव्हा नवरा-बायको कॅसेटवर बोलायचे. गाववाला सुट्टीवर निघाला की त्याच्याबरोबर कॅसेट जायची, तीच जबाब भरून परत यायची. एकदा यांनी सलमाभाभींच्या कॅसेटची एक बाजू ऐकली, दुसरी कोरी समजून तिच्यावर आपलं बोलणं भरलं — कौलं बदला, धाकट्याचा व्हिसा बघतो — आणि दिली पाठवून. पुढच्या कॅसेटवर भाभींचा एकच प्रश्न, "दुसऱ्या बाजूचा जबाब कुठाय?" काय बोलल्या होत्या, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. तेव्हापासून हा माणूस लिफ्टमध्येसुद्धा विचारतो, "काय बोलली असेल रे ती?"

तर... ओरडून झाल्यावर ते मटकन खाली बसले. बाई गातच होती. आवाज कसला — कोरड्या विहिरीवर रहाट ओढावा तसा. मुश्ताकभाई माझा हात धरून पुटपुटायला लागले. "म्हणतेय, सोनं नको पाठवू. तुझ्या बाजूची चादर रोज झटकते... रोज वाळू निघते. ये आता."

स्पॅनिशचा त्यांना गंध नाही. आजची अबुधाबी सोडली तर हे उभ्या जन्मात दुबई आणि रत्नागिरीपलीकडे गेलेले नाहीत.

गाणं संपल्यावर मी तन्वीला म्हटलं, "मॅमना अर्थ विचार."

ती विचारून आली. चेहरा उतरलेला. "बाबा, शी सेज इट्स अबाउट अ वुमन वेटिंग. ती बेडशीट झटकते, अँड सँड फॉल्स आउट. पण लास्ट व्हर्स सॉंगमध्ये नाहीये. मॅम सेज इट जस्ट केम टुडे."

आता ती दुसरी बाजू भाभींशिवाय कोणी ऐकलेलीच नाही, त्यामुळे ताडून बघायची सोय नाही. योगायोग म्हणा, म्हाताऱ्याचं मन म्हणा. मी सगळं म्हणून बघितलं, एकही बसत नाही.

परतताना दुबई जवळ आल्यावर मला राहवेना. "भाई, तेव्हाच ऐकलं असतंत, तर गेला असतात?"

ते खिडकीबाहेर बघत होते.

"कसा जाणार? पासपोर्ट कंपनीकडे होता."