शालवाला पाहुणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही हा विषय गाळूनच बोलतो. आता तुम्हाला सांगतोय ते धीर आला म्हणून नाही — ही भीती एकट्याला पेलेनाशी झाली म्हणून. उद्या माझ्या मुलाचं जावळ आहे. गाव जेवायला येईल. आणि पाहुण्यांत एक माणूस असा असेल, ज्याचा चेहरा अख्ख्या गावाला पाठ आहे आणि नाव कुणालाच माहीत नाही.

पण थांबा, आधी क्लबचं सांगायला हवं.

झरीहून जिंतूरकडे जाताना आमचं गाव लागतं. कापूस, सोयाबीन आणि — हसू नका — फुटबॉल. आजूबाजूची गावं क्रिकेटच्या नादी लागली, आमच्याकडे मात्र कुण्या जुन्या मास्तरांनी लावलेलं हे वेड टिकून राहिलं. पिवळी जर्सी, गायरानाला लागून मैदान, दोन्ही टोकांना बांबूचे गोल. क्लबचं नाव नाही सांगत. एवढ्याशा क्लबला विकत कोण घेणार? पण आमच्या लोकांना कित्येक वर्षं हाच घोर लागलेला. मारुतीच्या पारावर रोज हीच चर्चा. एकजण म्हणायचा, नांदेडचा बिल्डर घेणार आणि मैदानावर प्लॉट पाडणार. दुसरा म्हणायचा, साखर कारखानेवाला घेणार आणि जर्सी हिरवी करणार. तिसरा गळ्याची शपथ घेऊन सांगायचा, की परभणीचे एक क्लासवाले सर घेणार आहेत, बाहेरची पोरं आणून आपली पोरं घरी बसवणार आहेत. "कोण घ्यायलाय रं?" हे आमच्याकडे रामराम घातल्यासारखं झालं होतं. मीही हसायचो त्यांना. घाबरलेली माणसं किती पटकन हात उगारतात, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं?

माझं कृषी सेवा केंद्र आहे, पण गाव मला ओळखतं ते आवाजावरून. मी क्लबचा माईकवाला. सामन्याचं समालोचन मी करायचो, देणगीदाराचं नाव मी घ्यायचो, कुणाची चप्पल हरवली तर तेही मीच पुकारायचो. लोक चिठ्ठी पाठवायचे, मी वाचायचो. आणि सुभाष क्लबचा सेक्रेटरी, कोच, सगळंच. माझा शाळेपासूनचा दोस्त. पोरांना स्वतःच्या टेम्पोत घालून गावोगावी खेळायला न्यायचा, आणि हरून आली तर परतीच्या वाटेवर त्यांना गाणी म्हणायला लावायचा.

त्या वर्षी फायनल आमच्याच मैदानावर होती. आणि माझं लग्न जमत नव्हतं. तुम्ही म्हणाल, याचा त्याच्याशी काय संबंध? तोच तर आहे. वय वाढत चाललेलं. स्थळं यायची, चहा प्यायची, पुन्हा फोन करायची नाहीत. मुलीकडची माणसं न सांगता येऊन मुलाची चौकशी करून जातात, पानटपरीवर विचारतात — मुलगा पितो का, चार माणसांत किंमत आहे का. फायनलच्या दिवशी तसेच एक गृहस्थ मैदानावर आले. पांढरे कपडे, गालावर मोठी चामखीळ. मला बाजूला घेऊन म्हणाले, मी मुलीचा मामा, आदिलाबादकडून आलोय. गवगवा करू नका.

आणि मी काय केलं? गावात माझा शब्द कसा चालतो ते त्यांना दाखवायचं होतं ना! पुढाऱ्यांसाठी मांडलेल्या सोफ्यावर त्यांना बसवलं. मध्यंतरात माईकवर म्हणालो, आजच्या सामन्याला लाभलेल्या मान्यवर पाहुण्यांचा सत्कार आपले सेक्रेटरी सुभाषराव करतील. नाव घेतलं नाही — सोयरीक ठरायच्या आधी नाव कसं घेणार? सुभाषनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. हे कोण, म्हणून. मी नुसती मान हलवली. मी सांगितलं म्हणून, केवळ मी सांगितलं म्हणून, त्यानं त्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. कुणीतरी फोटो काढला.

आता आमच्याकडे शाल-नारळ उगाच कुणाला मिळत नाही. पुढाऱ्याला मिळतो, नाहीतर पैसा लावणाऱ्याला. हा पुढारी नव्हता, म्हणजे कोण असणार? अंधार पडायच्या आत तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. "ह्योच त्यो. ह्योच क्लब घ्यायलाय. आन् सुभ्यानं शाल घातली, बगा." शालवाला — हे नाव त्याच दिवशी पडलं.

दुसऱ्या दिवशी पारावर मला विचारलं. खरं सांगायला किती वेळ लागला असता? माझ्या लग्नाचा पाहुणा आहे, शाल मी घालायला लावली — झालं. पण क्लबची शाल स्वतःच्या सोयरिकीला वापरली म्हणून लोक माझ्यावर तुटून पडले असते, गावभर टिंगल झाली असती, ती मामांच्या कानावर गेली असती. मी त्या घोळक्याकडे बघितलं. म्हणालो, "मला चिठ्ठी आली, म्या वाचली. सुभाषनं दिली व्हती."

चिठ्ठी नव्हतीच. कुणीच दिली नव्हती.

सुभाष संध्याकाळी दुकानावर आला. रागानं नाही हो — गोंधळून. "चिठ्ठी कवा दिली रं म्या तुला? मी त्या मानसाला वळखत बी न्हाई." मी म्हणालो, "गडबडीत काय ध्यानात ऱ्हायतंय?" आणि त्यानं ते मानलं! माझा काहीतरी घोटाळा झालाय असं समजून वर मलाच म्हणाला, फिकीर करू नको, निवळंल सगळं.

निवळलं नाही. त्यानं नाही म्हटलं की लोकांना वाटायचं, लपवतोय. गप्प बसला की वाटायचं, पैसे पोचले. पुढच्या सामन्याला तो लाइनीवर उभा होता आणि मागून कुणीतरी ओरडलं, "इकलास का रं क्लब?" मग लोक दोरीच्या आत शिरले. त्याची पिवळी जर्सी फाटलेली मला स्टेजवरून दिसली. त्यानं माझ्याकडे बघितलं. माईक चालू होता. अख्ख्या मैदानात माझ्या एकट्याचाच आवाज सगळ्यांना ऐकू गेला असता. आणि मी काय बोललो? "प्रेक्षकांना विनंती आहे, कृपया मैदानात येऊ नये." दोनदा बोललो, स्वच्छ आवाजात. तेवढ्यात दगड आला.

डाव्या डोळ्यानं त्याला आता दिसत नाही. त्यानं कुणाचं नाव पोलिसांना दिलं नाही. टेम्पो विकून पुण्याला गेला, कुठल्याशा गोदामावर रखवालीला राहिला. क्लब? क्लब कुणी घेतलाच नाही. कुणी घेणारच नव्हतं.

माझं लग्न मात्र झालं. लॉकडाऊनमध्ये, तिकडे, मोजक्या माणसांत. गावातलं कुणी येऊ शकलं नाही, याचा मला किती आनंद झाला ते कसं सांगू? मामांना त्यानंतर मी कधी गावात येऊ दिलं नाही. दर वेळी नवं निमित्त. पण बायकोला सख्खा भाऊ नाही, मुलाला मांडीवर घेऊन जावळाला बसायचं ते तिच्या मामांनीच. या वेळी ती ऐकेना.

आणि सुभाष परत आलाय. म्हाताऱ्या आईला एकटीला होत नाही म्हणून. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो, मैदानाकडे फिरकत नाही. या हंगामात पारावर पुन्हा तेच सुरू झालंय — कुणीतरी मैदानाची मोजणी करताना दिसला म्हणे, क्लब जाणार म्हणे. लोकांनी जुना फोटो पुन्हा बाहेर काढलाय.

आज दिवस कलताना पारावरचा नामदेव धापा टाकत दुकानात आला. "शालवाला आलाय! आत्ता यष्टीतून उतरला. आंगावर शाल बी तीच!" मामा मोठ्या कौतुकानं ती शाल घालून आले होते, जावयाच्या गावची म्हणून. नामदेव माझ्याकडे बघत उभा राहिला. उद्या सगळं उघडं पडणारच आहे, हे मला दिसत होतं. मुलगा त्यांच्या मांडीवर बसणार, गाव बघणार. एका रात्रीसाठी खोटं बोलून काय मिळणार होतं? काही नाही. तरी माझ्या तोंडून निघालं, "सुभाषकडं आला आसंल."

नामदेव पाराकडे पळाला.

मामा आता माझ्या घरात बसलेत. ती शाल अंगावर, माझा मुलगा त्यांच्या मांडीवर. उद्याच्या कार्यक्रमासाठी माईकचा सेट मी घरी आणून ठेवलाय, तोही इथे माझ्या हाताशी आहे. बाहेरून माणसं जायला लागली आहेत, गल्लीच्या टोकाकडे, मोठमोठ्यानं बोलत. मामांनी विचारलं, कसला गलका आहे? मी म्हणालो, फुटबॉलवाले आहेत, आणि दाराला कडी घातली. सुभाषचं नाव ऐकू येतंय. त्याच्या म्हाताऱ्या आईचा आवाजही ऐकू येतोय.

मी अजून उठलेलो नाही.