छातीवर 'मोरे'

किस्से साठवावे लागत नाहीत, ते धुळीसारखे आपोआप बसतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी साताऱ्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात धूळ पुसायला सरांनी पिवळं फडकं ठेवलं होतं. किश्श्यांना मात्र ते कुणी लावलं नाही!

*

दत्ता मोरे मूळचा वडूजचा, आता आईबरोबर साताऱ्यात. त्याचा थोरला भाऊ फौजेत, कुठंतरी बर्फात. बरेच दिवस फोन नव्हता, त्यामुळं दत्ताचा जीव थाऱ्यावर नसायचा. क्लासात किल्ल्याच्या लढाईचा एक गेम होता. दत्तानं त्यातल्या चिलखताचं चित्र उघडलं, त्याला फौजी हिरवा रंग दिला आणि छातीवर ठिपके जोडून 'मोरे' अशी पट्टी काढली. गेमचा हीरो आता त्याचा दादा!

गेम सुरू झाला. दादा ऐटीत उभा. समोरून शत्रूची फौज आली, तर सगळ्यांच्या छातीवर 'मोरे'!

"गड्या," शेजारच्या खुर्चीवरचा मिलिंद म्हणाला, "आख्खी भावकीच चालून आली की रं!"

*

सर सांगलीचे, शनिवारी यायचे. आम्ही नसताना त्यांनीही गेम लावला. दोन्हीकडं हिरवेच. सरांनी जोशात तलवार चालवली आणि स्वतःचाच सेनापती आडवा केला.

"शुभा," आम्ही आल्यावर ते मला म्हणाले, "ह्यातले आपले कुठले गं?"

*

मिलिंद आमच्यातला फायली उघडून बघणारा. तो म्हणाला, गेममध्ये चिलखताचं चित्र एकच, सगळे तेच घालतात. जुनं चित्र परत टाकलं की झालं!

दत्ता उसळला. "दादाचं नाव पुसू? फोन न्हाई, काय न्हाई, आन् मी नाव पुसू?"

पुसायचं नाही, आणि ठेवलं तर प्रत्येक बाणाला एक मोरे पडतोय. मी हसू दाबून दत्ताशेजारी खुर्ची ओढली. मार्ग एकच होता. हिरवं चिलखत वेगळी वस्तू करायची. त्याचं चित्र वेगळं, नंबर वेगळा. ते फक्त हीरोला मिळेल, बाकीच्यांना त्यांचं जुनं लोखंड.

*

काम चालू असतानाच दत्ताची आई आली. क्लासाखालच्या एसटीडी बूथवर ती थोरल्याच्या फोनची वाट बघत बसायची. त्या दिवशी जिना चढून थेट वर! पडद्यावर हिरवा गडी पडलेला, छातीवर नाव ठळक. दत्तानं झेप घेऊन सगळ्या कॉम्प्युटरांचा मेन स्विच बंद केला. सगळ्यांचं प्रॅक्टिकल गेलं.

"लाईट गेली व्हय रं?"

"व्हय आये."

आईनं वर बघितलं. "मग पंखा कसा फिरतोय?"

दत्तानं उठून पंख्याचंही बटण बंद केलं. आई खाली बूथवर जाऊन बसली. त्यानंतर आमचे हात भराभर चालू लागले.

*

घाईत मिलिंदनं चिलखताला चुकून गेममधल्या खायच्या भाकरीचा नंबर दिला. हीरोनं पेटी उघडली, चिलखत हातात घेतलं आणि मटामटा खाऊन टाकलं!

"आरं दादाचा युनिफॉर्म गिळला की रं!" दत्ता ओरडला. हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्ताच्याही आलं, पण तो हसत नव्हता.

शेवटी जमलं. एक पेटी, एक चिलखत, एकच मोरे. शत्रू आपापल्या लोखंडात. मिलिंदनं वर चिलखताची ताकद एवढी वाढवली, की कुठलाच बाण आत शिरेना. दत्तानं खुर्चीला पाठ टेकली आणि बऱ्याच दिवसांनी चहा मागवला.

*

आणि एके दुपारी दादाच आला. फोन नाही, काही नाही, सरळ सुट्टीवर! वाळला होता, ओठ फुटलेले. दत्तानं त्याला हाताला धरून कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"ह्यो तू. बाण लागू दे, तलवार लागू दे, तुला काय हुत न्हाई!"

दादानं पडद्यावरच्या नावावरून, चिलखतावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "ह्ये काढायचं कसं?"

मिलिंदनं बटण दाखवलं. दादानं चिलखत उतरवलं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. हीरो साध्या सदऱ्यावर उरला. दादानं त्याला मागच्या दरवाज्यानं किल्ल्याबाहेर काढलं आणि चालवत चालवत पार ओढ्यापाशी नेऊन उभं केलं.

"दादा, तिकडं कोण न्हाई! लढाई हिकडं हाय!"

"आसू दे," दादा म्हणाला. "सुट्टी हाय माजी."